मेलेल्या रोपांचे पैसे कोण देतं? वसंतातल्या रोपविक्रीचा खरा हिशोब



या वेळच्या व्हिडिओत आपण छोट्या सेंद्रिय मळ्यातून तुळस, पुदिना, गवती चहा अशी रोपं बाजारात कशी विकायची ते पाहिलं. फळ्यावरचा हिशोब मात्र घाईत झाला. तो इथे नीट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी एका रोपाचा खर्च काढला १३ रुपये आणि विकलं ३५ रुपयांना. रोपामागे २२ रुपये सुटले म्हणून खुशीत घरी आलो. आईने गल्ला मोजला, अंगणातल्या सुकलेल्या पिशव्यांकडे बघितलं आणि विचारलं, "अरे, जी मेली त्यांचे पैसे कोणी दिले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग बसून हिशोब केला. सोपं जावं म्हणून आकडे गोल करून देतो.

खर्च किती झाला?

- २०० पिशव्या भरल्या. पिशवी ४ रुपये, माती-गांडूळखत-कोकोपीट ७ रुपये, बी किंवा काडी २ रुपये. एकूण २,६०० रुपये.
- स्वतःची मेहनत २० तास, तासाला ६० रुपये धरून १,२०० रुपये.
- दोन रविवारचं जागाभाडं आणि टेम्पो मिळून १,४०० रुपये.

झाले ५,२०० रुपये. आता रोपं मोजा. २०० पैकी ३० जगलीच नाहीत किंवा विकण्यासारखी झाली नाहीत. १७० बाजारात नेली, त्यातली ४० परत आली. म्हणजे विकली गेली १३०.

५,२०० भागिले १३०, म्हणजे विकलेल्या एका रोपाचा खर्च ४० रुपये! मी ३५ ला विकत होतो. हातात आले ४,५५० आणि ६५० रुपयांचा खड्डा पडला. बाजार छान झाला असं वाटत होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पदरचे ५ रुपये देत होतो.

म्हणून पहिला नियम: खर्चाला लावलेल्या रोपांनी भागू नका, विकलेल्या रोपांनी भागा. तेच रोप ५० ला विकलं असतं तर मेहनतीचे पैसे वजा जाऊन १,३०० रुपये उरले असते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण भागाकार हाच.

परत येणारी रोपं कमी कशी करायची?

नवीन माणूस म्हणतो, "पुदिन्याची जुडी संध्याकाळी सुकते, रोप थोडंच सुकतंय? पुढच्या रविवारी विकू." इथेच फसतो. रोपालाही मुदत असते. पिशवीत मुळं दाटतात, तुळशीला मंजिऱ्या येतात, खालची पानं पिवळी पडतात. शिवाय एप्रिल संपत आला की लोक सुट्टीत गावी जायच्या तयारीला लागतात. कुंडीला पाणी कोण घालणार, म्हणून नवीन रोप घेत नाहीत. खरा हंगाम थंडी सरल्यापासून गुढीपाडव्याच्या आगेमागेपर्यंतचा.

तेव्हा बाजाराची तारीख आधी ठरवा आणि तिथून उलटे आठवडे मोजा:

- तुळस आणि सब्जा: बियांपासून साधारण ६ ते ८ आठवडे. जानेवारीच्या थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून ट्रे उबेला ठेवा. सब्जा म्हणजेच हॉटेलवाले ज्याला गोड बेसिल म्हणतात ते झाड. पाटीवर दोन्ही नावं लिहा, गिऱ्हाईक दुप्पट होतं.
- पुदिना आणि ओव्याचं पान: काडीपासून, ४ ते ५ आठवडे.
- गवती चहा: जुना ठोंब फोडून लावा, ३ ते ४ आठवडे.
- कोथिंबीर: हिला उपटून दुसरीकडे लावलेलं मानवत नाही. पेरायची तर थेट विक्रीच्या कुंडीत. ऊन वाढलं की फुलावर येते, म्हणून लवकरच्या बाजारापुरतीच ठेवा.
- कढीपत्ता: मागणी भरपूर, पण वाढ सावकाश. पहिल्या हंगामाच्या हिशोबात धरू नका.

सगळं एकाच दिवशी लावू नका. २०० पिशव्या असतील तर दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्या करा. दर रविवारी ताजं रोप टेबलावर दिसेल आणि पहिल्या बाजारात काय खपलं ते बघून शेवटची तुकडी बदलता येईल.

विक्रीच्या आधी आठवडाभर रोपांना रोज थोडं जास्त ऊन दाखवा. सावलीच्या जाळीतून उचललेलं रोप थेट गिऱ्हाइकाच्या गच्चीत गेलं तर दोन दिवसांत मान टाकतं. रोपाबरोबर तुमचं नावही जातं.

"हे सेंद्रिय कशावरून?"

हा प्रश्न येणारच. "आमचंच आहे हो ताई" हे उत्तर नाही. खाण्याचा माल सेंद्रिय म्हणून विकण्यासाठी २०१७ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्या आणि थेट खाणाऱ्यालाच विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण 'जैविक भारत'चं चिन्ह त्याला लावता येत नाही. दुकानामार्फत विकायचं असेल तर प्रमाणपत्र हवं. छोट्या शेतकऱ्याला 'पीजीएस-इंडिया'ची वाट परवडते. त्यात गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात.

रोपांच्या बाबतीत साधी गोष्ट करा. एक वही टेबलावर ठेवा: बी कुठून आणलं, खत कोणतं, कीड पडली तेव्हा काय फवारलं, तारखेसकट. बाहेरच्या नर्सरीतून आणलेली रोपं ठेवलीत तर ती वेगळी मांडा आणि तसं सांगा. एकदा खोटं पकडलं गेलं की त्या बाजारात पुन्हा उभं राहणं अवघड.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे जे काही विकायला आहे, रोप असो, लोणचं असो की पणत्या, त्याचे तीन आकडे लिहा: किती बनवले, किती बाजारात नेले, किती विकले. एकूण खर्चाला तिसऱ्या आकड्याने भागा. मगच भावाची पाटी रंगवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोब चोख ठेवा!