मनोविकारतज्ज्ञ कुणाचा, कंपनीचा की कामगाराचा?

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातला क्रेनचालक बायपोलर आजारातून सावरून कामावर परततो. लिथियम हे औषध चालू आहे, मन स्थिर आहे. व्यवस्थापनाला डॉक्टरकडून एक कागद हवा असतो: माणूस कामाला फिट आहे की नाही? झोपेचं चक्र बिघडलं की उन्माद उलटू शकतो, म्हणून रात्रपाळी नको असं लिहावंच लागतं. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, तोल जातो. म्हणून भट्टीजवळचं काम टाळा, रक्ततपासणीला सवड द्या, हेही लिहावं लागतं. आजाराचं नाव मात्र लिहायचं नसतं. माणूस काय करू शकतो आणि काय टाळायला हवं, एवढंच एचआरला पुरतं. तरीही फी देणारी कंपनी पूर्ण फाइल मागू शकते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण ज्याच्या हातात पुढच्या वर्षीचा करार, त्याला एकट्या डॉक्टरने नकार द्यायचा तो कुणाच्या जोरावर? कामाच्या ठिकाणच्या मनोविकारशास्त्राला स्वतःची व्यावसायिक संघटना लागते ती या जोरासाठी. ती वाढते आहे की नाही, हेही याच कसोटीवर ठरवायला हवं.

अमेरिकेचा अनुभव इथे बोलका आहे. बोस्टनचे एल्मर साउदर्ड उद्योगांतल्या मनोविकारशास्त्राची कल्पना हिरिरीने मांडत होते, आणि 1920 मध्ये त्यांचं अकाली निधन झालं. त्याच दशकात व्ही. व्ही. अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात कर्मचाऱ्यांसाठी हे काम उभं केलं आणि 1929 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे कॉर्नेल विद्यापीठात प्रशिक्षण सुरू झालं, आयबीएममध्ये अ‍ॅलन मॅक्लीन यांनी काम केलं. माणसं कर्तबगार होती, पण काम बहुतेक वेळा एका व्यक्तीवर आणि एखाद्या समंजस व्यवस्थापनावर विसंबून राहिलं. ‘अ‍ॅकॅडमी ऑफ ऑर्गनायझेशनल अँड ऑक्युपेशनल सायकिअ‍ॅट्री’ ही स्वतंत्र संघटना उभी राहायला 1990 च्या आसपासचा काळ उजाडला. तिच्यापुढची अडचण मुळातलीच आहे. न्यायवैद्यक किंवा वृद्धांचं मनोविकारशास्त्र यांना तिथे उपशाखेचं प्रमाणपत्र आहे. कामाच्या ठिकाणच्या मनोविकारशास्त्राला ते नाही. त्यामुळे दरवर्षी शिकून बाहेर पडणारी तरुण डॉक्टरांची फळी या संघटनेला आयती मिळत नाही. प्रत्येक सभासद शोधून, पटवून आणावा लागतो.

अशा वेळी नेतृत्वाला सोपा मार्ग खुणावतो: दारं सताड उघडा, अधिवेशनाला मोठ्या कंपन्यांचे प्रायोजक घ्या, आकडा वाढवा. दारं उघडायला माझा विरोध नाही. कामगार कायद्याचा वकील, मानसशास्त्रज्ञ, कारखान्यातला डॉक्टर यांच्याशिवाय हा विषय अपुराच राहील. पण जिच्या सभासदांच्या अहवालाचं गिऱ्हाईक कंपनी आहे, त्या संघटनेची तिजोरीही कंपन्यांच्याच हाती गेली, तर तिने घालून दिलेल्या आचारसंहितेवर कामगार कशाला विश्वास ठेवेल? वर्गणी कमी जमली तरी चालेल, पण अहवालाचा सामायिक नमुना हवा, अडलेल्या डॉक्टरला फोनवर सल्ला देणारे ज्येष्ठ हवेत, आणि दबाव आला तर त्याच्या बाजूने लेखी उभी राहणारी समिती हवी.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. कामाचे तास अमानुष, साहेब बेदरकार, आणि उपाय म्हणून कर्मचाऱ्याला डॉक्टरकडे पाठवायचं: म्हणजे व्यवस्थापनाच्या चुकीला रोगाचं नाव देणं नव्हे का? धोका खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आयसीडी-11 मध्ये बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. तिच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाची रचना बदलण्यावर भर आहे. पण ‘दोष माणसात नाही, कामाच्या वेळापत्रकात आहे’ असं कंपनीला तोंडावर सांगायला पाठबळ लागतं, आणि एकांड्या कंत्राटी डॉक्टरकडे ते नसतं. म्हणजे हा आक्षेप संघटनेची गरज कमी करत नाही, उलट वाढवतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता. मग कंपन्यांसाठी वेगळी शाखा ही चैन नाही का? प्रत्येक कारखान्यात तज्ज्ञ नेमायचा म्हटलं तर चैनच. पण कारखान्यांत डॉक्टर आहेत, आणि औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच अभ्यासक्रम मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना 1947 ची, औद्योगिक आरोग्याच्या डॉक्टरांची 1948 ची. या दोघींनी मिळून लहानसा विभाग काढला, तरी चाकणच्या कारखान्यातल्या डॉक्टरला नैराश्य ओळखणं, आत्महत्येचा धोका विचारणं आणि तो फिटनेसचा कागद नीट लिहिणं शिकवता येईल. कायद्यातल्या अधिसूचित आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. मनाचा एकही आजार नाही. ती यादी बदलावी का, बदलली तर कामाशी संबंध कसा सिद्ध करायचा, हे सरकारपुढे पुराव्यानिशी मांडायला आज कुणीतरी एकत्र बसलेलं लागेल.