घरी शिकून दहावी द्यायचीय? इंग्रजी सोडायच्या आधी हे वाचा

आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे, आजारपणामुळे नाहीतर घरच्या कामामुळे शाळा सुटलेली पोरं बऱ्याच गावांत आहेत. काही पालक मुलांना ठरवूनच घरी शिकवतात. पोरगं चौदा-पंधराचं झालं की प्रश्न येतो, दहावी कुठून द्यायची? आणि इंग्रजीचं काय?

रस्ते दोन आहेत. पहिला राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म. त्यासाठी वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास लागतं. फॉर्म ऑनलाइन भरून शाळा सोडल्याचा दाखला आणि बाकीची कागदपत्रं ठरलेल्या शाळेत जमा करायची. नोंदणी परीक्षेच्या आदल्या वर्षीच होते, जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही. इथं इंग्रजी टळत नाही.

दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा. वय इथंही 14 लागतं, पण शाळेचा दाखला नसला तरी स्वतःच्या घोषणापत्रावर प्रवेश मिळतो. मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच विषय पास व्हायचे, त्यात भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन. म्हणजे मराठी घेतली की इंग्रजी सोडता येतं. खरी गफलत इथंच होते.

"इंग्रजी नको, पोरगं नापास होईल" असं म्हणून फॉर्म भरला जातो. दहावी पास होते, पेढे वाटले जातात. पुढं राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचंच असतं आणि दहावीचा पाया नसलेलं पोरगं तिथं अडकतं. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं तर बारावीला इंग्रजी पास लागतं. अग्निवीर क्लार्कला तर बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के मागतात. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडला दहावीचं गणित-विज्ञान लागतं, ते दोनही विषय असेच सोडू नका.

मग करायचं काय? इंग्रजी घ्यायचं, पण पहिल्याच फेरीत सगळे पेपर द्यायचे नाहीत. एनआयओएसची नोंदणी 5 वर्षं चालते, परीक्षेच्या 9 संधी मिळतात आणि पास झालेला विषय पासच राहतो. पहिल्या फेरीत मराठी आणि एक-दोन सोपे विषय काढा, इंग्रजीला वर्षभर वेळ द्या. रोज अर्धा तास पुस्तकातला एक उतारा मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या. पेपर लिहून द्यायचा असतो, त्यामुळं नुसते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून भागत नाही.

फॉर्म भरायला सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत गेलात तर विषयांचं पान स्वतः बघा. भरणारा घाईत असतो, आधीच्या पोराचे विषय तसेच टाकून मोकळा होतो. मराठीचा कोड 204, इंग्रजीचा 202. पैसे भरायच्या आधी हे दोन्ही आकडे स्क्रीनवर दिसले पाहिजेत.