पिकअप घेताना टॉप मॉडेल की साधे?
फळवाले, कूलरवाले, लाकूडवाले आणि बकरेवाले बंधूंसाठी चार हिशेबाच्या गोष्टी

दुकानाच्या गाळ्यानंतर लहान व्यापाऱ्याची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मालाची गाडी. कळमन्याचा संत्र्याचा आडत्या असो, लकडगंजचा लाकूडवाला असो, मोमिनपुऱ्यातला फर्निचरचा कारागीर असो की कामठीचा कापडवाला, आज ना उद्या प्रत्येकाला पिकअप घ्यावी लागते. कंपनी कोणती घ्यायची हे बहुतेकांचे आधीच ठरलेले असते. भावाकडे जी आहे, शेजारच्या मिस्त्रीला जी दुरुस्त करता येते, ती. खरा घोळ शोरूममध्ये गेल्यावर होतो. त्याच गाडीची चार-चार मॉडेले समोर ठेवली जातात, आणि पाच हजारांसाठी भाजीवाल्याशी घासाघीस करणारा माणूस तिथे पन्नास हजार जास्तीचे मोजून बाहेर पडतो.

हे जास्तीचे पैसे कुठे कामी येतात आणि कुठे वाया जातात, याचा विचार आम्ही या पानावर करणार आहोत.

मॉडेल म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

शोरूमच्या कागदावर एकाच रांगेत छापलेल्या मॉडेलांत दोन तऱ्हेचा फरक असतो. पहिला फरक वजनाचा आणि लांबीचा. महिंद्राने एप्रिल २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका आणली, तिच्यात माल उचलण्याची क्षमता १.३ टनांपासून २ टनांपर्यंत होती आणि सर्वांत लांब डाला ३,०५० मिलिमीटरचा होता. शहरासाठी सिटी आणि जड कामासाठी एचडी असे दोन गट होते. हा फरक धंद्याचा आहे. यात स्प्रिंग, अॅक्सल, टायर, डाला सगळेच बदलते.

दुसरा फरक सोयींचा. त्याच मालिकेत एलएक्स आणि व्हीएक्सआय असे प्रकार ठेवले होते. वरच्या प्रकारात मोबाइलवरून गाडी कुठे आहे, कशी चालली आहे हे दाखवणारी यंत्रणा दिली होती. हा फरक धंद्याचा असेलच असे नाही. ज्याच्या पाच गाड्या नागपूर-रायपूर, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर धावतात त्याला ही यंत्रणा उपयोगाची. ज्याची एकच गाडी आहे आणि ती स्वतःच चालवतो, त्याला आपली गाडी कुठे आहे हे सांगायला यंत्र नको.

म्हणून पहिला नियम असा की आधी वजन आणि लांबी ठरवा, सोयींचा विचार नंतर. शोरूममध्ये नेमके उलटे होते. आधी एसी, टेप, सीटचे कव्हर दाखवतात आणि टनेज शेवटी विचारतात.

टॉप मॉडेल जास्त माल उचलत नाही

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की महाग मॉडेल म्हणजे मजबूत मॉडेल. एकाच टनेजमधल्या दोन प्रकारांत तसे नसते. इंजिन तेच, चेसिस तीच, अॅक्सल तोच. गाडी किती टन पास आहे ते एकूण वजनावर ठरते. आरसी बुकात लेडन वेट आणि अनलेडन वेट असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरते तेवढाच माल कायद्याने भरता येतो. गाडीवर जे काही चढवाल, म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड, केबिनवरचा कॅरियर, डाल्याची उंच जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, ते सगळे मालाच्या वाट्यातून जाते.

हिशेब करून पाहू. संत्र्याचा एक प्लास्टिक क्रेट फळासह २१-२२ किलोचा धरला, तर १,३०० किलोत साठ क्रेट बसतात. गाडी घेतल्याबरोबर १०० किलोची जाळी आणि गार्ड बसवला की पंचावन्न क्रेट उरतात. प्रत्येक फेरीला पाच क्रेटची जागा आपण लोखंडाला देऊन टाकली. जाळी लागत असेल तर जरूर लावा, पण ती हलकी लावा, आणि तिचे वजन धरूनच टनेज निवडा.

सीएनजीचेही तसेच आहे. टाक्यांचे वजन गाडीच्याच अंगावर असते. आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप किती आहेत आणि तिथे रांग किती लागते, हे स्वतः दोन दिवस पाहून मगच तिकडे वळावे.

कोणता माल, कोणती गाडी

नागपूरचा प्रत्येक धंदा गाडीकडून वेगळे काम मागतो.

कूलर बनवणाऱ्या कारागिरांचा माल हलका पण जागा खाणारा. पत्र्याची बॉडी आणि आत हवा. त्यांना टनेज नको, लांब डाला हवा. दीड टनाची गाडी घेऊन तीनशे किलो माल वाहणे म्हणजे डिझेल जाळून हवा नेणे. फर्निचर आणि फोमच्या गाद्यांचेही असेच.

लोखंड, टाइल्स, ओले लाकूड, भंगार यांचे उलटे. माल अर्ध्या डाल्यात मावतो आणि वजन पूर्ण होते. इथे लांब डाला घेतला तर रिकामी जागा पाहून हमाल आणखी भरतो, आणि मग पाटे बसतात.

बकऱ्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई हा नियम पाहून गाडी निवडावी. त्यात जनावरे नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि प्रत्येक शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा हवी असे सांगितले आहे. डाला २.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला तर पंधरा बकरे होतात. तोच डाला ३.०५ मीटरचा असेल तर सतरा. वजनाची मर्यादा गाठायच्या आधीच जागेची मर्यादा येते. त्यामुळे या धंद्यात पैसा लांबीवर घालावा, टनेजवर नाही.

तीन टनांची रेघ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ज्या मालवाहू गाडीचे भरलेले एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. लहान व्यापाऱ्याने मॉडेल निवडताना ही रेघ डोळ्यांसमोर ठेवावी. १.७ टन माल उचलणारी पिकअप स्वतःच्या वजनासह या रेघेच्या पलीकडे जाते. १.३ टनाच्या वर्गातल्या गाड्या रेघेच्या आसपास असतात, त्यांचा नेमका आकडा कंपनीच्या कागदावर पाहून घ्यावा. परमिटची फार भीती बाळगायचे कारण नाही, पण तो खर्च आणि ती धावपळ दोन मॉडेलांच्या फरकात धरली पाहिजे.

ड्रायव्हरच्या परवान्याची काळजी मात्र कमी झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो, तेवढ्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही.

जादा भरण्याच्या सवयीबद्दलही दोन शब्द. १.३ टनाची गाडी घेऊन तिच्यात दोन टन भरायचे, असा विचार करूनच काही जण लहान मॉडेल घेतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा मालाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा केला आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. अपघात झालाच तर विम्याचा वाद वेगळा. दोन मॉडेलांतला फरक एका-दोन दंडांत फिटून जातो.

चार चाकी ओढ लागते का?

जीपसारखी चारही चाकांना ओढ देणारी मॉडेले मिळतात, पण ती महाग असतात. आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते, टायरला लोंदा धरते, आणि रिकामी पिकअप बांधाशीच फसते. त्यामुळे मोह होतो. पण काटोल, नरखेड, वरुडच्या संत्र्याचा विचार करा. आंबिया बहाराचे फळ पावसाळा सरल्यावर निघते, मृगाचे फेब्रुवारीच्या सुमारास. दोन्ही वेळा वावर बहुधा कोरडे असते. ओल असलीच तर बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत माल ट्रॅक्टर-ट्रॉली आणून देते. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी पूर्ण वर्ष जास्तीचे डिझेल आणि जास्तीची दुरुस्ती पोसणे फळवाल्याला परवडत नाही. ज्याचे काम बारमाही खाणीत, जंगलात किंवा धरणाच्या कामावर आहे, त्याची गोष्ट वेगळी.

बाहेरच्या देशांत काय चालते

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या शेतांवर 'साइड-बाय-साइड' नावाची छोटी गाडी चालते. दोघे शेजारी बसतात, मागे छोटा डाला. कावासाकीने १९८८ मध्ये 'म्यूल' आणली, पोलारिसची 'रेंजर' आणि जॉन डिअरची 'गेटर' याच जातीच्या. आपल्या महिंद्रानेही २०१८ पासून अमेरिकेत जुन्या जीपच्या बांध्याची 'रॉक्सर' याच वर्गात विकली. बहुतेक अशा गाड्या रस्त्याबाहेर चालवण्यापुरत्याच असतात, म्हणून कळमन्याला माल आणणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. पण तिथल्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न अगदी आपलाच आहे. साधे मॉडेल उघडे, वरच्याला दरवाजे, काच, हीटर, दोर ओढणारे यंत्र. इंजिन तेच राहते आणि वाढलेले वजन मालाच्या वाट्यातून जाते.

याच पोलारिसने आयशरबरोबर भागीदारी करून जून २०१५ मध्ये 'मल्टिक्स' ही गाडी काढली. कारखाना जयपूरजवळ कुकसला. घरच्यांना बसायला जागा, माल ठेवायला जागा, आणि गाडीतून तीन किलोवॅटपर्यंत वीज काढून ड्रिल मशीन किंवा मंडपाचे दिवे चालवायची सोय. कल्पना लहान व्यापाऱ्याच्या मनातलीच होती. एएक्स प्लस आणि एमएक्स असे दोन प्रकारही ठेवले. पण खप झाला नाही, आणि मार्च २०१८ मध्ये भागीदारांनी काम थांबवायचे ठरवले. ज्यांनी दोन प्रकारांतला वरचा निवडला आणि ज्यांनी खालचा, दोघेही सारखेच पार्टच्या शोधात राहिले. म्हणून सोयींच्या यादीपेक्षा पार्ट आपल्या शहरात मिळतो का, हे आधी विचारावे.

जास्तीचा पैसा फेरीवर वाटा

सोयींचा हिशेब सोपा आहे. दोन प्रकारांत पन्नास हजारांचा फरक धरू. गाडी पाच वर्षे ठेवायची आणि वर्षाला अडीचशे फेऱ्या, म्हणजे साडेबाराशे फेऱ्या. एका फेरीला चाळीस रुपये पडले. आता प्रत्येक सोयीला विचारा, तू मला फेरीमागे चाळीस रुपये देतेस का?

पॉवर स्टिअरिंग देते. गांधीबाग-इतवारीच्या गल्ल्यांत दिवसभर गाडी वळवणाऱ्या ड्रायव्हरचे हात वाचतात. एसीचे उत्तर कामावर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एसीमुळे ड्रायव्हर दुपारची दुसरी फेरी करणार असेल तर पैसे वसूल. गाडी पहाटे बाजारात जाऊन आठला परत येत असेल तर नाही. सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली. त्याखालच्या पिकअपला ती सक्ती नाही, शोरूमवाला तसे म्हणाला तर ऐकू नका. चकचकीत पट्ट्या, अलॉयची चाके, मोठा टेप मात्र काही देत नाहीत, आणि जुनी गाडी विकताना त्यांचे पैसेही परत येत नाहीत.

जे बंधू व्याजाच्या कर्जापासून दूर राहून रोखीने गाडी घेतात, त्यांनी हा हिशेब आणखी कसून करावा. त्यांचे पन्नास हजार बँकेचे नसतात, गल्ल्यातले असतात. हंगामात तेवढ्याचा माल रोखीने उचलता आला तर भाव कमी मिळतो.

कराचेही एक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या कूलरवाल्याला किंवा फर्निचरवाल्याला मालगाडीवर भरलेला कर वजावटीत मिळतो. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. ताज्या फळांवर करच नाही, म्हणून नुसती संत्री विकणाऱ्यालाही मिळत नाही. तेव्हा शेजाऱ्याला टॉप मॉडेल स्वस्त पडले म्हणून आपल्याला पडेल असे नाही.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

एक कागद घ्या. गेल्या वर्षातल्या सर्वांत जड दहा फेऱ्यांचे वजन लिहा, सर्वांत लांब मालाची लांबी लिहा, वर्षाच्या फेऱ्या लिहा. शोरूममध्ये भरलेले वजन, रिकामे वजन आणि डाल्याचे आतले माप लेखी मागा. बॉडी बाहेरून बांधायची असेल तर आरटीओची मंजुरी आणि विम्यात तिची नोंद कोण करून देणार, तेही विचारा. गाडी चालवणाऱ्याला बरोबर न्या. दिवसाचे दहा तास त्याला तिच्यात बसायचे आहे.

दहा जड फेऱ्या ज्या गाडीत कायद्याने बसतात ते आपले टनेज, आणि फेरीमागचे चाळीस रुपये जी सोय कमावून देते ती आपली सोय. बाकीचे पैसे धंद्यात राहू द्या.