लेकराच्या हाती पहिले यंत्र

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांना लागून अद्यापही यंत्रमाग चालतात, त्या घरांतील मुलांस विजेच्या यंत्राची ओळख कोणी मुद्दाम करून द्यावी लागत नाही; मागाच्या खडखडाटातच ती लहानाची मोठी होतात आणि धोटा कोणत्या बाजूने उसळून अंगावर येऊ शकतो, हे त्यांस पुष्कळदा बाराखडीच्या आधी ठाऊक झालेले असते. तथापि मुलाच्या स्वतःच्या हाती द्यावयाचे पहिले विजेचे हत्यार कोणते असावे, हा प्रश्न विणकराच्या घरी आणि वकिलाच्या घरी सारखाच अवघड ठरतो.

या शहराचा इतिहास त्याचे अर्धे उत्तर देतो. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेलेली गिरणी, स्थापन झाली, त्या वेळी मुलांस कामास लावण्यावर कायद्याचा कसलाही अंकुश नव्हता. 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यात मनाई केली, 1891 साली ही मर्यादा नऊवर आणि 1948 च्या कायद्याने चौदावर गेली. ही वये वाचून आज अंगावर काटा येतो; परंतु त्या कोवळ्या जिवांस यंत्र इतके घातक का ठरे, याचे एक कारण केवळ वयात नव्हते. गिरणीतील चाकांचा वेग दूरच्या इंजिनघरात ठरत असे, आणि यंत्रापाशी उभे असलेले मूल कितीही भ्याले तरी ते थांबविण्याचा अखत्यार त्यास नव्हता. साध्या यंत्रमागास बाणा तुटताच माग थांबविणारा एक बारीक काटा जोडलेला असतो. विणकराच्या बोटासाठी मात्र तशी योजना नाही!

म्हणून मुलासाठी हत्यार पारखताना त्याची शक्ती, किंमत अथवा रंग यांच्या आधी एकच गोष्ट पाहावी: मूल दचकले तर यंत्र थांबते काय? दचकलेले मूल हातातील वस्तू सोडते, पाय मागे घेते. त्या स्वाभाविक क्रियेनेच जे यंत्र बंद पडते, ते त्याच्या योग्यतेचे. दगड-लोखंड कापणारा ग्राइंडर या कसोटीस मुळीच उतरत नाही, कारण त्याचे बटण पुष्कळदा चालूच राहते आणि ते बंद केल्यावरही चकती काही काळ फिरत असते. गोल पात्याच्या करवतीची गोष्टही त्याच जातीची. ही दोन्ही हत्यारे मिसरूड फुटेपर्यंत तरी दूर ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कसोटीस सर्वांत चांगले उतरते ते शिलाई मशीन. ज्या शहरात शाळेचे गणवेश शिवणे हा मोठा उद्योग आहे, तेथे हे सांगावे लागू नये. पण मशीन मुलीसाठी आणि ड्रिल मुलासाठी, अशी एक अलिखित वाटणी आपल्या घराघरांत अजून अंमलात आहे, आणि ती दोघांचेही नुकसान करते. सहा-सात वर्षांच्या मुलास आरंभी हाताने फिरवावयाचे मशीन द्यावे. उजवा हात चाकावर गुंतल्यामुळे सुईजवळ एकच हात उरतो, आणि वेगाचा मालक तो स्वतःच असतो. दोरा न ओवता, एकरेघी वहीच्या पानावरील रेघेवरून सुई चालविण्याचा सराव झाला, वळणावर सुई खाली ठेवून कागद फिरविता येऊ लागला, की मांजरपाटाचा तुकडा द्यावा आणि मग मोटर जोडावी. मोटरीचे पायटे दाबले तेवढाच वेग मिळतो, पाय उचलला की सुई थांबते. सुईपुढे बोट अडविणारी तारेची कड बसवून घेण्यास विसरू नये. सोलापुरी चादरीचा तुकडा शिवावयास देण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तिच्या जाड विणीत बारीक सुई सहज मोडते.

दुसरे हत्यार बॅटरीवर चालणारे ड्रिल. भिंतीतील 230 व्होल्टची वायर ओढीत नेणाऱ्या ड्रिलपेक्षा 12 व्होल्टच्या बॅटरीचे लहान ड्रिल मुलाच्या मनगटास पेलते, आणि घोडा सोडताच थांबते. त्याच्या मानेवरील आकड्यांचे कडे म्हणजे क्लच. ते लहान आकड्यावर ठेवले, तर स्क्रू अडताच आतील जोड घसरतो आणि मनगटास हिसका बसत नाही. तत्पूर्वी काही दिवस हाताचे गिरमिट फिरवून घेतलेले असावे, म्हणजे लाकूड पात्यास कसा विरोध करते हे तळहातास कळते. भोक पाडावयाची फळी शिकंज्यात आवळलेलीच हवी. हाताने धरलेली फळी पात्याबरोबर गरकन फिरते. वेणी बांधलेली, ओढणी काढलेली, मनगटावरील गंडा-दोरा उतरलेला, डोळ्यांवर चष्मा, आणि हातमोजे बिलकूल नाहीत. प्रेमळ आया ते अगत्याने चढवितात, आणि फिरते पाते नेमके त्यांचेच सूत पकडते.

काम संपल्यावर ड्रिल मुलाच्या पेटीत राहू द्यावे; बॅटरी तेवढी काढून वडीलधाऱ्यांनी आपल्या कपाटात ठेवावी.