पाण्यातला पळसनाथ

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघालं की पळसदेव लागतं. हे नवं गाव. जुनं पळसदेव भीमेकाठी होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यात ते बुडालं. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यावर ऊस पिकला, शहरांची तहान भागली. त्याची किंमत काठच्या गावांनी मोजली.

गाव उठलं, पण गावकऱ्यांनी ग्रामदैवत मागे सोडलं नाही. नव्या गावात देऊळ बांधून पळसनाथाची प्रतिष्ठापना झाली. जमिनीची आणि घराची भरपाई मोजता येते. चार माणसं जिथे एकत्र येतात त्या जागेची येत नाही. ती जागा पळसदेवकरांनी स्वतःच पुन्हा उभी केली.

जुनं देऊळ मात्र पाण्यातच राहिलं. खाली काळ्या दगडाचं बांधकाम, वर विटा-चुन्याचं शिखर, आवारात वीरगळ. धरण 'मायनस'मध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपून सुमारे ६३ टीएमसीच्या मृतसाठ्याला हात लागला आणि पाणी खोल उतरलं, की ते उघडं पडतं. २०२४च्या उन्हाळ्यात तसंच झालं. दुष्काळाने पोळलेली माणसं ते पाहायला लोटली.

गोव्यात साळावली धरणाच्या वेळी कुर्डीचं प्राचीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे जसंच्या तसं उभारलं गेलं. पळसनाथाच्या वाट्याला ते आलं नाही. तरी शिखर अजून उभं आहे, ही बांधणाऱ्यांची पुण्याई.

पण पुन्हा पुन्हा भिजणं आणि वाळणं जुन्या बांधकामाला फार जाचतं. सांध्यांतला चुना सुटतो, लाटांनी विटा ढिल्या होतात, भेगांत झुडपं मूळ धरतात. म्हणून देऊळ उघडं असतानाचे आठवडे नुसते दर्शनात जाऊ नयेत. मोजमापं घ्यावीत, निखळलेल्या दगडांची नोंद व्हावी, झुडपं जपून काढावीत, सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि जुनी वीट फोडतं.

हे काम पुरातत्त्व जाणणाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पण कोणता दगड कुठे होता, पालखी कोणत्या वाटेने जायची, हे जुन्या गावात वाढलेली माणसंच सांगू शकतात. ती आज म्हातारी झाली आहेत. पुढच्या दुष्काळाची वाट न पाहता त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्यायला हव्यात. देव ज्यांनी वाचवला, त्यांना देऊळ वाचवण्याच्या कामात पहिला मान मिळालाच पाहिजे.