कन्स्ट्रक्टरला स्वतःचे नाव नसते

जावा भाषेत क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून घडलेली वस्तू. ती घडवण्याचा रुळलेला मार्ग कन्स्ट्रक्टरचा: ‘न्यू’ लिहायचे, पुढे क्लासचे नाव, कंसात लागणारी माहिती. दुसरा मार्ग स्टॅटिक फॅक्टरी मेथडचा. ही क्लासमधलीच एक मेथड. मागणाऱ्याला ती वस्तू देते, पण ती नवी घडवायची की आधीचीच द्यायची, हे स्वतः ठरवते. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या पुस्तकातला पहिलाच सल्ला या मेथडचा विचार करण्याचा आहे.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे नाव. आलेखावरचा बिंदू दोन अंकांनी सांगता येतो: आडवे-उभे अंतर देऊन, किंवा केंद्रापासूनचे अंतर आणि कोन देऊन. दोन्हीकडे दोन दशांश संख्याच. कन्स्ट्रक्टरला क्लासचेच नाव घ्यावे लागते आणि एकाच प्रकारची माहिती घेणारे दोन कन्स्ट्रक्टर जावा चालवून घेत नाही. मेथडना मात्र दोन वेगळी नावे देता येतात. जावा ८ मध्ये, २०१४ साली, आलेल्या ‘लोकलडेट’ या तारखेच्या क्लासने हे उत्तम साधले आहे. त्याचा कन्स्ट्रक्टर बाहेरच्यांना बंद आहे. ‘ऑफ’ला वर्ष, महिना, दिवस द्यायचे, ‘ऑफइयरडे’ला वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस. २०२४चा साठावा दिवस मागितला तर २९ फेब्रुवारी मिळते, २०२३चा मागितला तर १ मार्च. कोड वाचणाऱ्याला हेतू नावातूनच कळतो, आणि कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा वाचला जातो.

‘न्यू’ दर वेळी नवी वस्तू घडवते. ‘इंटिजर’ची ‘व्हॅल्यूऑफ’ मेथड मात्र -१२८ ते १२७ या संख्यांसाठी आधीच तयार ठेवलेली वस्तू देते; म्हणून जावा ९पासून ‘इंटिजर’चे कन्स्ट्रक्टर वापरू नयेत, असे ठरले. यात एक खाच आहे. अशा दोन वस्तू दुहेरी बरोबर-चिन्हाने ताडल्या, तर १००च्या बाबतीत उत्तर ‘समान’ येते आणि १०००च्या बाबतीत सहसा ‘असमान’, कारण ते चिन्ह संख्या नव्हे, वस्तू एकच आहे का ते पाहते. तुलना ‘इक्वल्स’नेच करावी.

मेथडला उपक्लासची वस्तूही देता येते. ‘एनम’ म्हणजे ठरावीक मूल्यांचा प्रकार; त्याचा संच देणारी ‘एनमसेट’ त्या प्रकारात ६४पर्यंत मूल्ये असतील तर सगळा संच ६४ बिटांच्या एकाच संख्येत मावणारी वस्तू देते, जास्त असतील तर दुसऱ्या क्लासची. वापरणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही.

उणिवाही आहेत. सगळे कन्स्ट्रक्टर खासगी ठेवले, तर बाहेरून त्या क्लासचा उपक्लास करता येत नाही. शिवाय दस्तऐवजात कन्स्ट्रक्टरना स्वतंत्र जागा असते, या मेथड मात्र इतर मेथडच्या गर्दीत शोधाव्या लागतात. ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘गेटइन्स्टन्स’ अशी ठरीव नावे त्यासाठीच रूढ झाली. आणि जिथे वस्तू घडवण्याची एकच उघड रीत असते, तिथे साधा कन्स्ट्रक्टरच बरा. जावा १६ मध्ये पक्क्या झालेल्या ‘रेकॉर्ड’ या केवळ माहिती धरून ठेवणाऱ्या क्लासला तर मुख्य कन्स्ट्रक्टर आपोआप मिळतो, आणि तो रेकॉर्डपेक्षा अधिक बंदिस्त करता येत नाही.