भूक ठरवणारी संप्रेरकं

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले. ते खातच सुटायचे. वजन नेहमीच्या उंदरांच्या तिप्पट. याचं कारण नेमकं कळायला १९९४ उजाडलं. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचं जनुक सापडलं आणि या उंदरांमध्ये तेच बिघडलेलं निघालं. लेप्टिन चरबीच्या पेशींतून रक्तात येतं आणि शिल्लक पुरेशी असल्याचं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं.

मग लेप्टिन टोचलं की माणूस बारीक होईल, अशी आशा पसरली. ती फोल ठरली. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांना या इंजेक्शनांनी खरोखर नवं आयुष्य मिळालं. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. मेंदू दाद देत नाही, इतकंच.

घ्रेलिनचं काम उलटं. १९९९ साली जपानी संशोधकांना सापडलेलं हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि भूक चेतवतं. डाएट करून वजन उतरवलं, की लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकलेला दिसतो. उतरलेलं वजन पुन्हा चढलं म्हणून कुणाला ‘जिभेवर ताबा नाही’ असं सुनावणं म्हणूनच अन्यायाचं आहे.